साथ आधी कुणाला कळते?

१० जून १९१८ रोजी मुंबईत पोलीस खात्याचे सात शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. सातांपैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत गोदी, जहाज कंपन्या, बँका, तारखाते, गिरण्या असा तो ताप शहरभर फिरला आणि जुलैत ओसरला. सप्टेंबरमध्ये परतला तेव्हा त्याचे रूप पालटले होते. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे दगावल्याची नोंद आहे. देशभरात किती जण गेले याचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत जातात. १९२१च्या शिरगणतीत हिंदुस्थानची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. त्यानंतरच्या एकाही दशकात असे घडलेले नाही.

त्या जूनमध्ये कुणालाच काही कळले नव्हते, असे म्हणता येत नाही. शिपायांची नोंद झाली होती. शहराचे आरोग्य अधिकारी टर्नर यांनी साथीचा माग गोदीपर्यंत नेला होता. फ्लूचा विषाणू माणसात सापडायला १९३३ उजाडावे लागले, त्यामुळे तपासणीचा प्रश्नच नव्हता. पण मृत्यूंच्या याद्या होत्या, इस्पितळांची दफ्तरे होती, बंदरातल्या नोंदी होत्या. त्या एकमेकींशेजारी ठेवून "हे परत आले तर?" असा प्रश्न जून ते सप्टेंबर या तीन महिन्यांत ज्याने विचारायचा, तसा माणूस व्यवस्थेत नव्हता.

श्वसनमार्गाच्या संसर्गाची साथ लवकर ओळखणे आणि तिच्यावर सतत नजर ठेवणे, हा या पुस्तकाचा विषय आहे. आरोग्य खात्यात याला 'सर्वेक्षण' म्हणतात. हे लेख एकत्र करताना एक गोष्ट मला पुन्हापुन्हा दिसली, आणि ती सुरुवातीलाच सांगितलेली बरी. साथ बहुतेक वेळा कुणाला तरी वेळेवर कळलेली असते. कुणी डॉक्टर, परिचारिका, आशाताई किंवा प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ थबकलेला असतो. त्याला जे कळले ते वर पोहोचायला वेळ लागतो, आणि वर पोहोचले तरी ते मानले जायला त्याहून अधिक वेळ लागतो. गेल्या सव्वाशे वर्षांत साधने अफाट सुधारली. हे दुसरे अंतर मात्र त्या मानाने फारच कमी झाले आहे.

श्वसनाचे आजार पकडायला मुळातच अवघड. १८५४मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले आणि ब्रॉड स्ट्रीटच्या हापशापर्यंत पोहोचले. हापशाचा दांडा काढला गेला. श्वासावाटे पसरणाऱ्या आजाराला असा हापसा नसतो. फ्लूची लागण झाल्यावर एक ते चार दिवसांत लक्षणे येतात, आणि ती येण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस इतरांना लागण देऊ शकतो. शिवाय पहिले शंभर रुग्ण नेहमीच्या सर्दी-खोकल्याच्या गर्दीत बेमालूम मिसळून जातात. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या कुठल्याही दवाखान्याबाहेर बाकावर बसलेल्यांपैकी निम्मे खोकतच असतात. त्यातला वेगळा खोकला ओळखायचा कसा? या क्षेत्रातले सगळे पंथ या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे शोधत वाढले आहेत.

सगळ्यात जुना पंथ मृत्यू मोजणाऱ्यांचा. लंडनच्या साप्ताहिक मृत्यूयाद्यांवरून जॉन ग्राँट यांनी १६६२मध्ये पहिला अभ्यास छापला. पण खरा पाया घातला विल्यम फार यांनी. इंग्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात बसून १८४७च्या फ्लूच्या साथीत त्यांनी पाहिले की फ्लूच्या नावावर लिहिलेले मृत्यू थोडेच आहेत, पण दमा, खोकला, फुप्फुसदाह यांच्या नावावरचे मृत्यू त्या आठवड्यांत एकदम चढले आहेत. एरवी किती माणसे मेली असती आणि प्रत्यक्षात किती मेली, यातला फरक म्हणजे साथीचा खरा हिशेब. कोविडच्या काळात वर्तमानपत्रांत रोज येणारा 'अतिरिक्त मृत्यू' हा शब्दप्रयोग थेट तिथून आला आहे. या पद्धतीला रोगाचे नाव ठाऊक असावे लागत नाही, हे तिचे मोठे बळ. उणीव उघडच आहे: माणूस गेल्यावर ती बोलते. आणि आपल्याकडे ती अर्धवटच बोलते, कारण २०२०मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू चौथाईपेक्षाही कमी होते.

दुसरा पंथ प्रयोगशाळेचा. १९४७मध्ये लंडनमध्ये जागतिक इन्फ्लुएन्झा केंद्र उघडले आणि १९५२पासून जागतिक आरोग्य संघटनेचे देशोदेशीच्या प्रयोगशाळांचे जाळे उभे राहिले. १९५२मध्येच पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले, जे पुढे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'एनआयव्ही', झाले. या जाळ्याचे रोजचे काम डोळ्यांत न भरणारे आहे. ठरलेल्या दवाखान्यांत ठरलेल्या व्याख्येत बसणाऱ्या रुग्णांचे नमुने घ्यायचे: ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, सोबत खोकला, आणि आजार दहा दिवसांच्या आतला. रुग्ण दाखल करण्याइतका गंभीर असेल तर त्याची गणना वेगळी. नाक-घशातला स्वॅब द्रव माध्यमाच्या कुपीत बुडवायचा, २ ते ८ अंशांत ठेवायचा, बर्फाच्या पेटीतून पाठवायचा. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, जगभरच्या अशा नमुन्यांचा ताळा घेऊन पुढच्या हंगामाच्या लशीत कोणते विषाणू घालायचे ते ठरते.

याच कंटाळवाण्या नोंदींतून आपल्या देशाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट उमगली. युरोप-अमेरिकेत फ्लू हिवाळ्यात येतो. श्रीनगरलाही तो थंडीतच शिखर गाठतो. मुंबई-पुण्यात मात्र त्याचा मुख्य हंगाम पावसाळ्यात असतो. त्यामुळे लस ऑक्टोबरमध्ये टोचावी हा परदेशी पाठ इथे जसाच्या तसा चालत नाही. महाराष्ट्रात ती पावसाआधी मिळायला हवी. वर्षानुवर्षे, साथ नसतानाही, नमुने गोळा केल्याशिवाय हे कळले नसते. सर्वेक्षण साथ आल्यावर सुरू करता येत नाही. 'नेहमीचे' काय हे ठाऊक असेल तरच 'वेगळे' दिसते.

आपल्या देशातली सध्याची यंत्रणा कशातून जन्मली, हेही महाराष्ट्राच्या वाचकाने लक्षात ठेवावे. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. लोक घरे सोडून बाहेर राहू लागले, आत धान्य राहिले, उंदीर माजले. ऑगस्ट १९९४मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण दिसू लागले. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाले. मृत्यू पन्नाशीच्या आसपास होते. देशाचे नुकसान मात्र प्रचंड झाले. विमाने बंद झाली, निर्यात अडली, आणि नेमके काय चालले आहे हे सांगणारी एकही खात्रीची यादी सरकारजवळ नव्हती. त्या नामुष्कीतून १९९७मध्ये राष्ट्रीय पातळीवर प्रायोगिक योजना आली आणि नोव्हेंबर २००४मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला.

या प्रकल्पाचा कणा तीन फॉर्मचा. उपकेंद्रातली परिचारिका (एएनएम) किंवा आरोग्यसेवक लक्षणांवरून 'एस' फॉर्म भरतात, डॉक्टर संशयित निदानाचा 'पी' फॉर्म, आणि प्रयोगशाळा खात्रीच्या निदानाचा 'एल' फॉर्म. मूळच्या कागदी एस फॉर्ममध्ये खोकल्याला स्वतःची जागा होती: तीन आठवड्यांच्या आतला आणि तीन आठवड्यांच्या वरचा. वरचा असेल तर क्षयाची शंका घेतली जाई. सोमवार ते रविवार असा आठवडा असे. चार-पाच गावे फिरून आलेली एएनएम रजिस्टरवरून आकडे उतरवायची, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे, तिथून तालुका, तिथून जिल्हा. आता हे सारे ऑनलाइन पोर्टलवर रोजच्या रोज भरायचे असते. रुग्ण नसेल तेव्हा 'निरंक' अहवाल पाठवायचा. हा निरंक अहवाल मला या यंत्रणेतला सर्वांत मोलाचा कागद वाटतो. 'पाहिले, आणि नाही' हे त्यातून कळते. अहवालच आला नाही तर पाहिले की नाही तेही कळत नाही. पण निरंक खरा असायला हवा. ज्या तालुक्यात आकडा वाढला की खुलासा मागवला जातो, तिथले निरंक वाढत जातात.

या साखळीतली सर्वांत मोठी फट खासगी दवाखान्याची आहे. महाराष्ट्रात ताप आलेला माणूस सहसा आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. तिथे 'व्हायरल आहे' म्हणून तीन दिवसांची औषधे मिळतात, आणि ती भेट कुठल्याही फॉर्मवर चढत नाही. फार मोठी माहिती रोज संध्याकाळी या दवाखान्यांत जमा होते आणि तिथेच विरते. डॉक्टरांवर याचा सगळा दोष टाकणे मला पटत नाही. ज्याने कधीकाळी कळवले, त्याला पुढे काय झाले हे सहसा कुणी सांगितलेले नसते. इंग्लंडमध्ये १९६७पासून काही निवडक कौटुंबिक डॉक्टर आपल्या रुग्णांची साप्ताहिक नोंद पाठवत आले आहेत आणि त्यांना साऱ्या देशाचे चित्र दर आठवड्याला परत मिळते. अमेरिकेत अलेक्झांडर लँगम्युर यांनी १९६३मध्ये सर्वेक्षणाची जी व्याख्या केली, तिच्यातच गोळा करणे आणि अर्थ लावणे यांच्या जोडीने ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंत माहिती नियमित पोहोचवणे हा भाग होता. आपण पहिला भाग उचलला. शेवटचा बव्हंशी राहिला.

तिसरा पंथ बातमीलाच माहिती मानणारा. नोव्हेंबर २००२मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात विचित्र न्यूमोनिया सुरू झाला. बातम्या चाळणाऱ्या कॅनडाच्या यंत्रणेने त्याच महिन्यात तिथल्या आजाराचे उल्लेख टिपले होते, आणि १० फेब्रुवारी २००३ला 'प्रोमेड' या ईमेल सेवेवर विचारणा आली. अधिकृत कबुली मात्र मागाहून आली. दरम्यान २१ फेब्रुवारीला त्या प्रांतातला एक आजारी डॉक्टर हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात एक रात्र राहिला, आणि तिथल्या पाहुण्यांबरोबर रोग व्हिएतनाम, सिंगापूर, कॅनडापर्यंत गेला. हनोईत कार्लो उर्बानी या डॉक्टरने हा साधा फ्लू नाही हे ओळखून जगाला जागे केले. २९ मार्चला त्याच आजाराने ते गेले. सार्स असे नाव पडलेल्या या आजाराचे एकूण ८,०९८ रुग्ण नोंदले गेले, ७७४ मृत्यू. त्या धड्यानंतर २००५मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम बदलले आणि अशा घटनेची शहानिशा झाल्यावर २४ तासांत कळवणे देशांवर बंधनकारक झाले. भारतातही २००८पासून वर्तमानपत्रे आणि वाहिन्या चाळून पडताळणी करणारा कक्ष आहे.

संगणकाच्या पंथाबद्दल थोडक्यात. २००८मध्ये गूगलने लोक काय शोधतात यावरून फ्लूचा अंदाज बांधायला सुरुवात केली. मोठा गाजावाजा झाला. २००९ची पहिली लाट त्यातून सुटली, २०१२-१३च्या हंगामात अंदाज प्रत्यक्षापेक्षा खूपच वर गेले, आणि २०१५मध्ये सेवा बंद पडली. घाबरलेला माणूस आणि आजारी माणूस शोधयंत्राला सारखेच दिसतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या उत्साहात हे विसरले जाऊ नये. इशाऱ्याची रेषा फार खाली ठेवली तर 'लांडगा आला रे आला' होते, फार वर ठेवली तर लांडगा कळपात शिरल्यावर घंटा वाजते. रेषा कुठे ठेवायची हे शेवटी माणसांनीच ठरवायचे आहे.

जनुकीय वाचन आणि सांडपाण्याची तपासणी ही त्या मानाने भरीव भर. सांडपाण्यातून विषाणू शोधण्याची सवय मुंबईला २००१पासून, पोलिओमुळे आहे. कोविडमध्ये तीच युक्ती अनेक शहरांत कामी आली. जो माणूस तपासणीला येत नाही त्याचीही नोंद गटारात होते. अर्थात जिथे भुयारी गटारच नाही अशा खेड्यांसाठी तिचा उपयोग तोकडा आहे, आणि देशातली निम्म्याहून जास्त जनता खेड्यांत राहते.

जनुकीय वाचनाची गोष्ट अमरावतीशी जोडलेली आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. फेब्रुवारी २०२१मध्ये देश कोविड संपल्याच्या आनंदात होता. अमरावतीत मात्र रुग्ण झपाट्याने वाढू लागले. तिथल्या डॉक्टरांना आणि प्रशासनाला ते दिसले. २२ फेब्रुवारीपासून तिथे टाळेबंदी लागली. महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन ठळक बदल एकत्र असलेला विषाणू आढळतो आहे, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले २४ मार्चला. त्याच कुळातल्या एका शाखेला पुढे डेल्टा हे नाव मिळाले. एप्रिलमध्ये खाटा आणि प्राणवायू यांच्यासाठी काय धावाधाव झाली ती प्रत्येक घराला आठवते. अमरावतीच्या टाळेबंदीपासून त्या घोषणेपर्यंत महिना गेला होता. वाचन करणाऱ्या प्रयोगशाळा होत्या, शास्त्रज्ञ होते, नमुने होते. दिसलेल्या गोष्टीला तिचा अर्थ देण्याची आणि त्या अर्थावर देशभर निर्णय घेण्याची घाई नव्हती.

चीनच्या वुहानमध्ये याहून वाईट घडले. डिसेंबर २०१९च्या अखेरीस तिथल्या डॉ. झांग जिशियान यांना एका वृद्ध दांपत्याच्या फुप्फुसांच्या चित्रात वेगळे काही दिसले. त्यांनी त्या दांपत्याच्या मुलाचीही तपासणी करायला लावली. त्याला लक्षणे नव्हती, पण फुप्फुसांत तेच डाग होते. त्यांनी ताबडतोब वर कळवले. सहकाऱ्यांना सावध करणाऱ्या डॉ. ली वेनलियांग यांना मात्र ३ जानेवारीला पोलिसांनी समज दिली. सार्सनंतर उभारलेली संगणकीय नोंदणी त्या देशात असूनही हे घडले. दुसरीकडे नोव्हेंबर २०२१मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉनची माहिती तत्परतेने जगाला दिली, आणि एक-दोन दिवसांतच अनेक देशांनी तिथून येणारी विमाने थांबवली. खरे आणि लवकर बोलणाऱ्याला अशी शिक्षा झाली तर पुढचा देश तोंड उघडताना दहादा विचार करील.

आपल्या मातीतला याबाबतचा धडा सव्वाशे वर्षे जुना आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवीत मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. निदान अचूक आणि वेळेवर होते. पण पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या कारकिर्दीत गोऱ्या सोजिरांकडून घरांच्या झडत्या सुरू झाल्या तेव्हा लोकांनी रुग्ण लपवले, प्रेते लपवली. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ला प्लेगने गेल्या. एकाच रोगाकडे, एकाच शहरात, दोन वाटांनी जाता येते हे तेव्हाच दिसले होते. रुग्ण कळवला की त्याच्या घरावर संकट येणार, अशी भीती जिथे आहे तिथे कुठलेही पोर्टल चालणार नाही.

हा विषय आज का, असे कुणी विचारील. मार्च २०२४मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंत एच५एन१ हा पक्ष्यांचा फ्लू सापडला आणि पुढे तो अनेक राज्यांतल्या गोठ्यांत पसरला. भारतात हा विषाणू पहिल्यांदा पोल्ट्रीत सापडला तो फेब्रुवारी २००६मध्ये, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तिथल्या पोल्ट्रीवाल्यांनी लाखो पक्षी डोळ्यांदेखत मारले जाताना पाहिले. पहिली मेलेली कोंबडी कळवणाऱ्याला भरपाई वेळेवर मिळते की नाही, हा पशुसंवर्धन खात्याचा हिशेब वाटतो; प्रत्यक्षात तो माणसांच्या साथीच्या सर्वेक्षणाचाच भाग आहे. सप्टेंबर २०२५पासून आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतल्या नव्या दुरुस्त्या लागू झाल्या आहेत. सात दिवसांत ओळख, एका दिवसात कळवणे, पुढच्या सात दिवसांत पहिली कारवाई, असे ७-१-७चे उद्दिष्ट जगभर स्वीकारले जात आहे. नियम चांगले आहेत. ते उपकेंद्राच्या रजिस्टरपर्यंत पोहोचायचे आहेत.

म्हणून हे पुस्तक मराठीत. या विषयावरचे बहुतेक लेखन इंग्रजीत आणि तज्ज्ञांपुरते आहे. साथ पहिल्यांदा पाहणारी माणसे मात्र मराठीत विचार करतात. इथे गणित आहे, पण सूत्रांपेक्षा त्यामागचा विचार उलगडण्यावर भर आहे. लेखकांत एकमत नाही, आणि ते मी मुद्दाम तसेच ठेवले आहे. घरोघरी तपासणीवर कुणाचा विश्वास आहे, कुणाला ती माणसांचा वेळ खाणारी वाटते. खासगी डॉक्टरांवर नोंदणीची सक्ती करावी की त्यांना उपयोगी माहिती परत देऊन जोडून घ्यावे, यावरही दोन मते आहेत. माझे मत दुसऱ्या बाजूला आहे. उपचार, लशींचे विज्ञान आणि कोविडचा समग्र इतिहास या पुस्तकात शोधू नये. त्यांची व्याप्ती वेगळी.

वाचणाऱ्यांत खासगी दवाखाना चालवणारे असतील, त्यांना एक विनंती. मे २०१८मध्ये कोझिकोडच्या एका खासगी रुग्णालयातल्या डॉक्टरांना एकाच घरातला दुसरा रुग्ण पाहून शंका आली, नमुने मणिपाल आणि पुण्याला गेले, आणि निपाह विषाणू वेळेत पकडला गेला. आपल्या जिल्ह्याच्या सर्वेक्षण कक्षाचा फोन क्रमांक टेबलाच्या काचेखाली ठेवा. एका घरातले, एका वसतिगृहातले किंवा एका कारखान्यातले दोन-तीन जण न्यूमोनियाने आले, किंवा रुग्णांची शुश्रूषा करणारी परिचारिकाच तशा आजाराने पडली, तर निदानाची वाट न पाहता कळवा. आणि जे त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला बसतात त्यांना विनंती अशी, की कळवणाऱ्याला आठवड्याच्या आत उलट फोन करून काय निघाले ते सांगा, मग काहीही निघाले नसले तरी.